ऊर्जेचे ‘संवर्धन’ कसे होणार?

प्रश्न दुहेरी आहे: ‘गीझरने दोन किलोवॅट वीज खाल्ली’ हे बरोबर का? आणि ऊर्जा निर्माणही होत नाही, नष्टही होत नाही, या नियमाला ‘संवर्धन’ म्हणावे की ‘अक्षय्यता’?

पहिले चूक. वॅट हे शक्तीचे माप, म्हणजे ऊर्जा किती वेगाने खर्ची पडते त्याचे. बिलात मोजतात ती ऊर्जा. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला, टाकीतून निसटणारी उष्णता सोडली तर, सुमारे 0.44 युनिट लागते. 2000 वॅटच्या गीझरला 13 मिनिटे पुरतात, 3000 वॅटच्याला नऊसुद्धा लागत नाहीत. शक्ती दीडपट, ऊर्जा तेवढीच.

आता ‘संवर्धन’. हा शब्द ऐकला की चीड येते. वृध् म्हणजे वाढणे. वन वाढते, गोधन वाढते, तिथे संवर्धन शोभते. ऊर्जा वाढत नाही, हाच तर नियम! ‘संवर्धन म्हणजे जतनही’ असे कोश पुढे करून सांगणाऱ्यांनी नियम एकदा वाचावा. 14 डिसेंबरच्या ‘ऊर्जा संवर्धन दिना’ला अभिप्रेत आहे ती बचत; मग बचतच म्हणा की! मातीपाण्यासाठी आपण ‘संधारण’ हा नेमका शब्द रुळवलाच आहे.

उलट ‘अक्षय्य’ पाहा. त्यातला दुसरा य अनेकजण गाळतात आणि तिथेच सगळी गंमत हरवते. पाणिनीचे सूत्र आहे: ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’, म्हणजे ‘शक्य’ या अर्थी क्षय्य आणि जय्य ही रूपे होतात. जिंकण्याजोगा तो जेय, जिंकता येणारा तो जय्य. तसेच क्षेय आणि क्षय्य. म्हणजे ‘अक्षय’ म्हणजे क्षय नसलेले, तर ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही. भौतिकशास्त्राचा दावा नेमका या दुसऱ्या प्रकारचा, अशक्यतेचा आहे. शिवाय सूत्रातल्या ‘शक्य’मधला शक् धातू तोच, ज्यापासून ‘शक्ती’ आली!

म्हणूनच सौरऊर्जेला ‘अक्षय ऊर्जा’ म्हणणेही मला पटत नाही. ती नवीकरणीय, अक्षय्य तर कोळशातलीही. बंद खोलीत 75 वॅटचा पंखा तासभर फिरला की 0.075 युनिट ‘संपले’ म्हणतात. ते संपत नाही. वाऱ्याची गती घर्षणाने विरते आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन खोलीतच उतरते. रिकाम्या खोलीत चालू राहिलेला पंखा खोली गार करत नाही, किंचित तापवतो.