जंगलाचा कक्ष कुणाचा ते आधी बघ, अर्ज मग

बी.एस्सी. दुसरं वर्ष, अर्जुनी मोरगावकडचं कॉलेज, सर जंगलात पाच दिवसांचं शिबिर घ्यायला तयार, विषय बेडूक, वनखात्याच्या परवानगीचा अर्ज मार्चमध्ये दिलेला आणि मे सरत आला तरी 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर. तुझी पोस्ट वाचली आणि वाटलं, ही तर आमचीच फाईल. आमचाही विषय बेडूकच होता.

वही, टॉर्च, गमबूट यावर लिहीत नाही, ते तू केलंच असशील. आधीच सांगतो, मी वनखात्यात नाही आणि वकीलही नाही. नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द तुझ्या भागातल्या आरएफओचा, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा.

आमचे कागद पूर्ण होते. प्राचार्यांचं पत्र, मुलांची यादी, पालकांची संमती, विमा, सगळं. ज्या कार्यालयात दिले त्याचं नाव घेत नाही. आवक शिक्का मारून मिळाला, मग सुरू झालं: साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. वर पाठवलंय. नागपूरवरून आलं नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस लागला आणि त्याच रात्री गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बुलफ्रॉगचे नर लिंबासारखे पिवळेजर्द होऊन, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळे फुगे फुगवून ओरडत होते. हा रंग विणीच्या तेवढ्या दिवसांचाच, पुढे उतरतो. आम्ही परवानगीची वाट बघत घरी.

उत्तर आलं पोळ्याच्या सुमारास, एका ओळीचं: 'सदर कक्ष या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.' तो कक्ष, म्हणजे जंगलाचा नंबर दिलेला तुकडा, वनविकास महामंडळाचा (एफडीसीएम) होता. हद्दीचा नकाशा त्यांच्याच भिंतीवर टांगलेला. अर्ज घेणाऱ्याने पहिल्या दिवशी मान वर केली असती तरी दिसलं असतं. नंतर तिथल्या वनरक्षकाला विचारलं तर तो हसला, "तो आमच्याकडे नाही जी, एफडीसीएमचा हाय." अख्खा हंगाम गेला. आणि बेडकांचा हंगाम कॉलेजच्या परीक्षेसारखा पुढे ढकलता येत नाही. अजूनही आठवलं की डोकं तापतं, असो.

म्हणून तुला पहिला प्रश्न: तुमच्या जागेचा कक्ष क्रमांक काय? आपल्याकडे जंगल एकसारखं दिसत असलं तरी मालक वेगवेगळे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा तर वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ते बसतात नागपूरला. प्रादेशिक वन विभाग वेगळा, महामंडळ वेगळं. झुडपी जंगलाचं त्याहून त्रांगडं, कारण ती जमीन महसुली दप्तरातून आलेली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत तर आधी ग्रामसभेपुढे उभं राहायचं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला हा हक्क 2009 मध्येच मिळालाय. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्याची प्रत वनखात्याला द्या, म्हणजे नंतर कुणी फुरंगटत नाही.

बेडूक हातात धरून मोजमाप घ्यायचं डोक्यात असेल तर सरांशी नीट बोल. कायद्याच्या व्याख्येत पकडणं हीसुद्धा शिकारच, त्याला कलम 12 ची वेगळी परवानगी. बघणं, मोजणं आणि मोबाईलवर आवाज टिपणं एवढ्यावर दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प आरामात होतो.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून दे. पहिल्या पावसाआधी तुझी परवानगी येईल असं मला वाटत नाही. शिबिर हिवाळ्यात ढकला, तेव्हा पक्षी करा. बेडूक मात्र गावच्या बोडीवर आणि धानाच्या बांध्यांत याच जूनमध्ये सुरू कर. भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलावांना तोटा नाही. वाघ दिसला नाही म्हणून फील्डवर्क कमी दर्जाचं होत नाही, हे आपल्या कॉलेजांना कोण सांगणार! एकाच बोडीवर रोज ठरल्या वेळी जाऊन पाऊस, वेळ आणि आवाज लिहिलेली वही पाच दिवसांच्या सहलीपेक्षा कितीतरी जड. शेतमालकाला आणि तलाव मासेमारीला घेतलेल्या संस्थेला आधी विचार. तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर काकांसोबत एक सकाळ बस, देवधान (रानटी भात) कुठे उगवतं आणि बेशरमचं झुडूप वाढल्यापासून काय काय गेलं ते कुठल्याच पुस्तकापेक्षा नीट कळेल.

रात्री एकटा जाऊ नकोस. बांधावर घोणस असते, आणि जंगलाला लागून असलेली बोडी असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय अंधारात पाय टाकायचा नाही. पावसाळ्यात गवतात वावरल्यावर ताप आला तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांग. स्क्रब टायफस आपल्याकडे आहे, त्यावर औषधही आहे, पण सांगितलं नाही तर नुसता व्हायरल समजून वेळ जातो.

माहितीच्या अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज टाकावा का, असं खाली कुणीतरी सुचवलंय. टाकता येतो, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण मी आधी स्वतः जाऊन नकाशा बघितला असता. ज्या वनरक्षकासोबत उद्या फिरायचंय, त्याच्या साहेबाला आजच डिवचून काय मिळणार?

कक्ष क्रमांक मिळाला की इथेच टाक.