पवनचक्क्या, सामींची कुरणे आणि संमतीची वेळ

प्रश्न : नॉर्वेतील फोसेन येथे सर्वोच्च न्यायालयाने पवनऊर्जा प्रकल्पांचे परवाने अवैध ठरवले, तरी त्या पवनचक्क्या आजही फिरत आहेत, असे वाचले. मग तेथील आदिवासींनी खटला जिंकून काय मिळवले? आमच्याकडेही डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांसाठी जागा पाहणे सुरू आहे. आमच्या ग्रामसभेने यातून काय घ्यावे? — एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. मध्य नॉर्वेच्या किनाऱ्यावरील फोसेन या द्वीपकल्पात दक्षिण सामी (सामी हा तेथील आदिवासी समाज) कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळत आली आहेत. हिवाळ्यात हे प्राणी खुरांनी बर्फ उकरून खालचे शैवाक खातात (आपल्या मसाल्यातले दगडफूल हेही एक शैवाकच). उघड्या माथ्यांवर वाऱ्यामुळे बर्फ कमी साचतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत कळप जगतो तो तिथल्या चाऱ्यावर. वीज कंपन्यांनाही नेमका तोच वारा हवा होता. स्टोरहेया आणि रोआन येथे मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसपास रेनडिअर फिरकेनासे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने डिसेंबर २०१८ मध्ये स्टोरहेयाचे काम थांबवण्याची विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही.

खालच्या न्यायालयाने जनावरांना कुंपणात ठेवून चारा घालण्याच्या खर्चापोटी मोठी भरपाई देऊ केली होती. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने हा मार्ग नाकारला, कारण बांधून पोसलेला कळप म्हणजे सामींची पशुपालन परंपरा नव्हे आणि त्या परंपरेवरच त्यांची संस्कृती उभी आहे. अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जपण्याचा हक्क देणाऱ्या, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ चा भंग झाला, असा निर्णय झाला. हरित ऊर्जेची गरज न्यायालयाने मान्य केली, पण सामींना कमी झळ पोहोचेल असे पर्याय उपलब्ध होते, याकडेही त्याने बोट दाखवले. हा करार भारतानेही १९७९ मध्ये स्वीकारला आहे, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे.

मात्र पवनचक्क्या काढून टाका, असे निकालात म्हटलेले नव्हते. पाचशे दिवस उलटले तरी काहीच हलले नाही, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोतील ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. निषेधाची जुनी खूण म्हणून काहींनी पारंपरिक पोशाख उलटा करून अंगात घातला होता. सरकारला माफी मागावी लागली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये फोसेनच्या दक्षिण आणि उत्तर भागांतील दोन्ही पशुपालक गटांशी तडजोडी झाल्या, आणि सध्याच्या परवान्याची मुदत संपेपर्यंत चक्क्या चालणार, हे ठरले. दक्षिणेकडील गटाला दरवर्षी ठरावीक रक्कम, हिवाळ्यासाठी जादा कुरण आणि मुदतवाढ नाकारण्याचा अधिकार मिळाला. हे थोडे नाही. तरीही लोखंड आणि काँक्रीट डोंगरावर चढल्यानंतर जी संमती मिळते, तिला मी मोकळ्या मनाची संमती म्हणू शकत नाही.

म्हणूनच आपल्या ग्रामसभेने जागेची पाहणी सुरू असतानाच बोलावे. आपल्याकडे पवनऊर्जा प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्या निमित्ताने होणारी जनसुनावणीही होत नाही. गावाला आपले म्हणणे मांडायला ग्रामसभा हीच खरी जागा उरते. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकात होते. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधीची ही अट सैल करून जबाबदारी राज्यावर टाकली, आणि हा बदल मला घातक वाटतो. परंतु वनहक्क कायद्याचे कलम ४(५) अजून शाबूत आहे : हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासींना त्यांच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. तेव्हा त्या माथ्यांवरचे चराईचे, वनोपजाचे आणि देवस्थानांचे सामूहिक वनहक्क दावे राहिले असतील, तर ते आधी दाखल करावेत आणि पोचपावती जपून ठेवावी. निम्मे सदस्य आणि त्यांत एकतृतीयांश महिला हजर आहेत, याची खात्री करूनच ठराव घ्यावा. कोणत्या माथ्यावर कोणाची गुरे कोणत्या महिन्यात चरतात, हे त्या ठरावात नावानिशी लिहावे, आणि इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय किंवा कोऱ्या कागदावर कोणाचीही सही किंवा अंगठा घेऊ देऊ नये.