यादी मुंबईची, चित्र दिल्लीचं

'विचारा, सांगतो' : रेडिओ-टीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणाऱ्यांचं परभणीत ३४ वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.)

प्रश्न : काका, नमस्कार. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर चांगली झालीय, पण रिमोट काही त्यांच्या हाताला बसत नाही. पूर्वी सकाळी पेपर आला की आकाशवाणी-दूरदर्शनच्या कार्यक्रमांवर पेनानं खुणा करून ठेवायचे. आमच्या पेपरात ती यादी यायची बंद होऊन वर्षं झाली. माझी नणंद इंग्लंडात लेस्टरला असते. जानेवारीत आली तेव्हा तिनं 'रेडिओ टाइम्स'चा नाताळ अंक आणला. जाडजूड, दोन आठवड्यांचे सगळे कार्यक्रम छापलेले. सासऱ्यांनी हातात घेतला तो सोडेचनात. नणंद म्हणते, वर्षाची वर्गणी भरून पाठवत जाईन. पैसे पाण्यात जातील का? आणि आपल्याकडे असं काही विकत मिळतं का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, वर्गणी भरू देऊ नका. पण तो अंक सासऱ्यांच्या हातातून काढूनही घेऊ नका. का, ते सांगतो. आधी माझी फजिती ऐका.

१९८०च्या दशकातली गोष्ट. आपल्याकडं टीव्ही नुकताच दिसायला लागला होता. गच्चीवर पाइपाला अॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, पाइप धरून फिरवायला पोरगं वर आणि खालून मी ओरडतोय, "आलं, आलं... गेलं! माघारी घे!" धंदा जोरात होता. गिऱ्हाईक दुकानावर रेंगाळावं म्हणून मी बाहेर एक फळा टांगला आणि रोज सकाळी पेपरातली दूरदर्शनची यादी त्यावर खडूनं उतरवायला लागलो. शाळेतून येणारी पोरं थांबून वाचायची, म्हातारी माणसं पोरांकडून वाचून घ्यायची. मला वाटायचं, केवढी मोठी सेवा करतोय मी गावाची.

एके दिवशी यादीत मराठी चित्रपट होता. मी तो ठळक अक्षरांत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळी आमच्या एका गिऱ्हाइकाच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसं सतरंज्या टाकून बसली. सेट तापला, चित्र आलं, तर पडद्यावर गव्हाच्या तांबेऱ्यावर हिंदीत चर्चा चाललेली. समोर बसलेले सगळे ज्वारी-कापसाचे! चित्रपट लागेल, मग लागेल म्हणत लोक दीड तास बसले. चहा दोनदा झाला. चित्रपट काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या आजीबाई दुकानात. "कामून लिहितूस रं मग फळ्यावर? साखर किती गेली माहिताय का माझी?"

चूक कुठं झाली ते मला नंतर उमगलं. पेपरात छापलेली यादी मुंबई केंद्राची होती आणि आपला छोटा ट्रान्समीटर चित्र घेत होता दिल्लीचं. यादीत अक्षराची चूक नव्हती, फक्त ती आपल्या गावची नव्हती. त्या दिवसापासून छापलेली कुठलीही यादी समोर आली की मी आधी एवढंच बघतो : ही कुठल्या गावच्या माणसासाठी छापलीय?

आता तुमच्या अंकाकडं येऊ. 'रेडिओ टाइम्स' जन्माला आला तो भांडणातून. १९२३च्या सुरुवातीला तिकडच्या वर्तमानपत्रवाल्यांनी बीबीसीला सांगितलं, तुमचे कार्यक्रम छापायचे तर जाहिरातीसारखे पैसे मोजा. तेव्हा बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ होते. त्यांनी ठरवलं, मग आपलंच साप्ताहिक काढू. २८ सप्टेंबर १९२३ ला पहिला अंक निघाला, किंमत २ पेन्स. पुढं तर गंमतच झाली. १९९१ पर्यंत बीबीसीची आठवड्याची यादी फक्त 'रेडिओ टाइम्स'मध्ये आणि समोरच्या आयटीव्ही या खासगी वाहिनीची फक्त 'टीव्ही टाइम्स'मध्ये. दोन्ही बघणाऱ्या घराला दोन्ही विकत घेणं भाग. १९८८चा नाताळ अंक १ कोटी १० लाखांहून जास्त खपला. २०११ साली बीबीसीनं तो विकून टाकला, पण दर आठवड्याला तो अजून निघतो. नाताळचा अंक आणायचा, घरातल्या सगळ्यांनी पेन घेऊन आपापल्या कार्यक्रमाभोवती गोल करायचे, ही तिकडची रीतच आहे. तुमच्या सासऱ्यांनी तो का सोडला नाही, हे कळलं ना? त्यांना त्यांच्याच बिरादरीचा माणूस भेटला.

नणंदेनं लेस्टरमध्ये स्वतःसाठी तो घ्यावा का? घरात पेन घेऊन बसणारं एक जरी माणूस असेल, तर खुशाल घ्यावा. त्याच्या प्रादेशिक आवृत्त्या असतात, म्हणजे तिच्या भागात जे दिसतं तेच तिच्या हातातल्या पानावर छापलेलं असतं. रेडिओची पानंही असतात. नव्या कार्यक्रमांबद्दल जाणत्या माणसांनी लिहिलेलं असतं, ते फोनवर शोधत बसण्यापेक्षा चहासोबत वाचायला बरं. घरात सगळे आपापल्या फोनवर हवं तेव्हा हवं ते बघत असतील, तर मात्र ती रद्दीचं भाडं भरतेय म्हणायचं.

सेलूत मात्र त्याचा उपयोग शून्य. अंकातला आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. टपालानं समुद्र ओलांडून तो तुमच्या दारात येईपर्यंत त्यातला सोहळा उरकलेला असणार. वेळा तिकडच्या. हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा, उन्हाळ्यात ते घड्याळ पुढं करतात म्हणून साडेचार. एवढं गणित करून कार्यक्रम गाठला, तरी इंटरनेटवर कार्यक्रम दाखवणारा बीबीसीचा आयप्लेअर भारतात चालत नाही. म्हणजे लग्नाची पत्रिका आली, लग्न कालच लागलं, आणि बोलावणं तरी कुठं होतं?

गावाचं नातं तुटलं की यादीचं काय होतं, ते अमेरिकेत बघायला मिळालं. तिथं 'टीव्ही गाइड' १९५३ पासून देशभर निघायला लागला. खिशात मावेल एवढा अंक, प्रत्येक भागाची आवृत्ती वेगळी. २००५ साली त्यांनी आकार वाढवला आणि या सगळ्या स्थानिक आवृत्त्या बंद केल्या. नटनट्यांच्या बातम्या वाढल्या, गावच्या वेळा गेल्या. तीन वर्षांत, २००८ मध्ये, ते साप्ताहिक विकलं गेलं, किती रकमेला सांगा बरं? एका डॉलरला! सुट्या अंकाची किंमत त्याहून जास्त होती. इंटरनेट आलं होतं, केबलच्या डब्यावर यादी दिसू लागली होती, ही कारणं मोठी होतीच. पण ज्या एका गोष्टीसाठी लोक अंक घ्यायचे ती आपल्याच हातानं काढून टाकली, असं माझं मत आहे.

आपल्याकडं असं काही मिळतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. एके काळी मिळायचं, आणि तेही फार आधीपासून. मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झालं, त्याच महिन्यात 'इंडियन रेडिओ टाइम्स' निघाला. २२ डिसेंबर १९३५ पासून त्याचा 'इंडियन लिसनर' झाला आणि ५ जानेवारी १९५८ पासून 'आकाशवाणी'. बंगालीत 'बेतार जगत', तमिळमध्ये 'वानोली', उर्दूत 'आवाज' अशी भावंडंही होती. सगळी आता बंद आहेत. आपण मराठवाड्याची माणसं १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आपला रेडिओ हैदराबादचा, त्यामुळं मुंबईची ती यादी इथल्या किती घरांत आली असेल कोण जाणे. 'इंडियन लिसनर'चे जुने अंक मात्र इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नातवाला फोनवर काढून द्यायला सांगा, सासऱ्यांचे दोन-चार दिवस मजेत जातील.

मला विचाराल तर त्या यादीची खरी गरज गाण्याच्या लोकांना होती. आकाशवाणीची शनिवार रात्रीची शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा १९५२ साली सुरू झाली. माझ्या दुकानात एक पोस्टमास्तर यायचे, त्यांचं सगळं आठवड्याचं गणित त्या सभेवर. कोण गाणार हे पेपरात वाचलं की शुक्रवारीच आपला मर्फी रेडिओ माझ्याकडं आणून ठेवायचे. "व्हॉल्व्ह बघून ठेवा, उद्या दगा नको." त्यांच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं त्यांनी पेन्सिलीनं वार, वेळ आणि काटा कुठं लावायचा ते लिहून ठेवलं होतं. परभणी १३०५, अधोरेखित. सेट उघडला की आधी ते वाचायला मिळायचं, मग धूळ.

तुम्हाला मी हाच पोस्टमास्तरांचा उपाय सांगणार आहे. टीव्हीच्या डब्याच्या (सेट-टॉप बॉक्सच्या) गाइडच्या बटणावर विसंबू नका. एकदोनदा शिकवून बघा, पण एका वेळी चार वाहिन्यांचे दोन तास दिसतात, अक्षर बारीक, आणि स्वस्तातल्या कितीतरी डब्यांवर तिथं नुसती रिकामी चौकट येते. शिवाय लाईट गेली की डबाही गेला. तुमच्याकडं फ्री डिशची छत्री असेल तर आणखी एक भानगड : तिथल्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळं वाहिन्या येतात-जातात, नंबर बदलतात. "चॅनल उडाले" म्हणून लोक मेकॅनिकला बोलावतात आणि तो मेनूत जाऊन स्कॅन मारून पैसे घेऊन जातो. मीही घेतलेत, खोटं कशाला बोलू! तुम्ही घरीच मेनू, इन्स्टॉलेशन, ऑटो स्कॅन एवढं करून बघा.

तर उपाय असा. घरात लग्नपत्रिका पडल्याच असतील. त्यातली पाठ कोरी असलेली मोठ्यात मोठी, जाड पुठ्ठ्याची पत्रिका निवडा. सासऱ्यांना एक वही आणि घड्याळ द्या आणि आठवडाभर त्यांनाच बसवा : रेडिओवर सकाळच्या बातम्या किती वाजता, भक्तिगीतं कधी संपतात, शेतीचा कार्यक्रम कुठल्या वेळेला, सह्याद्रीवर कोणत्या वारी काय. हे काम तुम्ही किंवा नातवानं करायचं नाही, त्यांनीच करायचं. आठ दिवसांनी जाड मार्करनं पत्रिकेच्या पाठीवर उतरवा. डावीकडं वेळ, उजवीकडं कार्यक्रम. वाहिन्यांचे नंबर तेवढे पेन्सिलीनं लिहा, ते खोडायला लागणार आहेत. आणि रिमोटवर रोजच्या दोन-तीन आकड्यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या आईला मी लाल दिला होता. ती "लाल दाबलं की बातम्या" एवढ्यावर शेवटपर्यंत टीव्ही बघायची.

नाताळ अंक त्यांच्या उशाशी राहू द्या. नणंदेला म्हणावं, पुढच्या वेळी वर्गणीऐवजी एक चांगला ट्रान्झिस्टर आण, मोठ्या काट्याचा.

प्रश्न : मी शाळेत असल्यापासून शॉर्टवेव्ह ऐकतो. 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक' हे जाड पुस्तक मित्राकडं बघितलं होतं. आता ते निघतं का, आणि घ्यावं का?
– एक श्रोता, उमरगा

उत्तर : जगभरच्या रेडिओ-टीव्ही केंद्रांच्या वेळा, फ्रिक्वेन्सी आणि पत्ते देणारं, १९४७ पासून निघणारं हे पुस्तक. जुन्या प्रकाशकांनी २०२२च्या आवृत्तीवर थांबायचं जाहीर केलं तेव्हा आम्ही चारपाच जुन्या मंडळींनी फोनवर एकमेकांचं सांत्वन केलं होतं. मग जर्मनीतल्या एका कंपनीनं ते हाती घेतलं आणि २०२३ची आवृत्ती काढली. पण तुम्ही ते एकट्यानं घेऊ नका, चौघांत घ्या. पुस्तक निघतं वर्षातून एकदा आणि शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सी बदलतात दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. वेळेसाठी इंटरनेटवरच्या याद्याच ताज्या. पुस्तक कामाला येतं ते केंद्रांच्या पत्त्यांसाठी आणि रात्री पडल्या पडल्या चाळायला. ऐकायला उरलंय किती, हाही प्रश्न आहेच. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्हवरची सेवा बंद झाली. त्या रात्री मी ट्रान्झिस्टर लावून बसलो होतो. संपल्यावर बराच वेळ नुसती खरखर ऐकत राहिलो, बटण बंद करायचं सुचलंच नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पेपरातल्या रेडिओ कार्यक्रमांची कात्रणं सापडली, दोरीनं बांधलेली, काहींवर निळ्या शाईच्या खुणा. बाबा म्हणतात रद्दीत घाल. याला काही किंमत येईल का?
– इयत्ता नववी, मानवत

उत्तर : रद्दीवाला वजनावर घेईल, दहा रुपयेही यायचे नाहीत. देऊ नकोस. आधी उन्हात नाही, सावलीत पसरून वाळव. मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल, वाळवी लांब राहते. मग फोननं एकेका कात्रणाचा फोटो काढ, तारीख दिसेल असा. आणि निळी खूण कोणकोणत्या कार्यक्रमांवर आहे, ते मला जरूर लिहून पाठव.