पन्नाशीतल्या दोन एकट्या माणसांच्या प्रेमाचं दोनपात्री नाटक आम्हा हौशींना झेपेल का? लोक हसतील का?

झेपेल. लोक हसतील ते तुम्ही विशीतल्यासारखं लाजायला-मुरकायला लागलात तर. पन्नाशीतलं प्रेम पन्नाशीसारखंच केलंत, तर कुणीही हसत नाही.

मी ठाण्यात राहते. काही वर्षांपूर्वी असंच एक नाटक केलं होतं, तालमी नौपाड्यात व्हायच्या. माझं पात्र एकट्या राहणाऱ्या विधवेचं. तो पहिल्यांदा घरी येतो, ती चहा देते. मी रोज समोर ठेवलेल्या दोन कपांत चहा ओतायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. एकदा दिग्दर्शकाने थांबवलं. "ताई, या बाईच्या घरात दुसरा कप कुठे असेल?" मी गप्पच झाले. हे गेल्यापासून माझ्याच घरी दुसरा कप फळीवर डब्यांच्या मागे गेला होता. त्या दिवसापासून मी डबे सरकवून कप काढायला लागले. आत धूळ बसलेली, ती पदराने पुसायची. त्याने ते पाहायचं आणि न पाहिल्यासारखं करायचं. या सगळ्याला वाक्य एकही नाही, पण प्रयोगात तेवढा वेळ हॉल अगदी शांत असायचा.

म्हणून सांगते, संवादांइतकीच हातांच्या कामाची तालीम करा. अमेरिकन नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांचं 'फ्रँकी अँड जॉनी इन द क्लेअर द ल्यून' (१९८७) जरूर वाचा. ती हॉटेलात वेट्रेस, तो तिथलाच स्वयंपाकी, आणि सगळं नाटक न्यूयॉर्कमधल्या तिच्या एका खोलीत, एका रात्रीत घडतं. तो तिच्यासाठी स्टेजवर ऑम्लेट करतो. शेवटी पहाटे दोघं रेडिओवर फ्रेंच संगीतकार देबुसीचं संगीत ऐकत दात घासतात. प्रेम झालंय हे मला त्या दात घासण्यातून जेवढं कळलं, तेवढं कुठल्याच कबुलीतून कळलं नसतं. १९९१ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, त्यात आजूबाजूला बरीच माणसं आली. मला मात्र ती बंद खोलीच जास्त भिडते.

खरी धास्ती पाठांतराची धरा. दोनच पात्रं, म्हणजे एक अडखळलं तर सावरायला दुसरं एकच. विंगेत जाऊन श्वास घ्यायलाही मिळत नाही. शेवटचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी न करता रोज पूर्ण अंक सलग करा. कुठलंही नाटक निवडा, लेखकाची किंवा हक्कदाराची लेखी परवानगी आधी घ्या. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचीही धावपळ शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि दोघांच्याही घरच्यांना एका पूर्ण तालमीला बसवा. हात हातात घ्यायचा प्रसंग त्यांनी थेट प्रयोगातच पाहिला, तर त्यांनाही अवघड होतं आणि तुम्हालाही. माझी मुलगी आली होती. सबंध तालीम काही बोलली नाही. परतताना तलावपाळीवर थांबली आणि म्हणाली, "आई, तो कप बाबांचा होता ना?"