स्तूप बाजूने बघितलास का?

प्रिय मुली,

"सर, सनावळ्या डोक्यात राहत नाहीत," असं लिहिलंयस. राहतील कशा? टांगायला खुंटी नको का?

अजिंठ्याचं १० नंबरचं आणि २६ नंबरचं लेणं शेजारी शेजारी ठेवून बघ. दोन्ही चैत्यगृहंच, म्हणजे बौद्धांची प्रार्थनेची दालनं. खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. पण १० मधला स्तूप अगदी साधा, आणि २६ मधल्या स्तूपाच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. मधे पाचशेहून जास्त वर्षं गेली. हा फरक एकदा स्वतःच्या पेन्सिलीनं काढलास, की इसवी सनाआधीचं कोणतं आणि पाचव्या शतकातलं कोणतं, हे घोकावं लागत नाही. चित्र चांगलं यायलाच पाहिजे असं नाही. माझे स्तूप आजही उपड्या घमेल्यासारखे दिसतात.

मी विद्यार्थी असताना नेमका इथेच आपटलो होतो. पुस्तकातला समोरचा फोटो पाठ होता. परीक्षेत पडद्यावर तेच २६ नंबर आलं, पण बाजूच्या वाटेतून, निजलेल्या बुद्धाच्या अंगानं. माझा कागद कोरा.

विजापूर तुझ्या सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर. सकाळच्या एसटीनं जा. गोल घुमटात वर जाऊन ओरडायचं ते नंतर ओरड (ओरडशीलच), आधी खाली उभी राहून वर बघ. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवला कसा? वहीत एक चौकोन काढ, त्यावर तेवढाच दुसरा तिरका ठेव. आठ टोकांची चांदणी झाली ना? एकमेकींना छेदणाऱ्या कमानी तशाच आहेत, आणि मधल्या अष्टकोनाच्या आधारानं वर घुमट. हा घुमट ज्याच्या कबरीवर आहे तो मुहम्मद आदिलशाह गेला ते १६५६ साल मग त्या चांदणीलाच चिकटून राहतं.

उत्तरात 'अप्रतिम', 'विलोभनीय' लिहू नकोस, तपासणारा कंटाळतो. काय दिसतं ते लिही, आणि त्यावरून काळ कसा ठरवलास ते.

सोलापूरजवळच्या कुडलला तर रविवारी जाऊन संध्याकाळी घरी येशील. भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. फोटो काढायच्या आधी अक्षरं वहीत उतरवून घे. मान अवघडेल. ते पान मला पाठव. माझ्या वहीतलं एक अक्षर मला अजून लागलेलं नाही, तुला लागतं का बघू.

तुझा,
सर