घाई तिला नव्हती

"मुलगी २३ वर्षांची. दुसऱ्या शहरातली नोकरी घेऊन मोकळी झाली आणि घरी मागाहून सांगितलं. आठवडा झाला, आमचा अबोला आहे. पहिल्यापासून अशीच उतावळी. जन्मालासुद्धा आठव्या महिन्यातच आली. माझं बीपी वाढलं, पाय सुजले, धावपळीत सिझेरियन करावं लागलं. हे म्हणतात, जाऊ दे तिला. मी ४९ वर्षांची, पाळी गेल्या वर्षी थांबली, आता असे ताण झेपत नाहीत. तिला कसं समजावू?"

ताई, तुमचं पत्र मोठं आहे, पण मी एकाच ओळीवर अडकले. जन्मालासुद्धा आठव्या महिन्यातच आली. हा किस्सा तुम्ही चारचौघांत कितीदा सांगितला असेल, आणि ती पोर प्रत्येक वेळी हसली असेल.

घाई तिला नव्हती हो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, अंगावर सूज येते, त्या दुखण्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पत्र वाचून मी निदान करत नाही, पण तुमचं वर्णन त्याच वाटेने जातं. या दुखण्याचं मूळ वारेत असतं. म्हणून बाळ आणि वार बाहेर काढणं हाच त्यावरचा खरा उपाय. तुम्हाला झटके येऊ नयेत, तुम्ही दगावू नये, यासाठी तिला वेळेआधी बाहेर काढलं असणार. उतावळी कसली!

पुढे बीपी उतरलं, टाके सुकले, विषय संपला. इथे मला राग येतो. तुमचा थोडा, आणि घरी सोडताना "आता दर वर्षी बीपी बघत जा" एवढं वाक्य न सांगणाऱ्यांचा जास्त. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ते सगळं हृदयालाच फिरवावं लागतं. त्या ओझ्याखाली तुमच्या रक्तवाहिन्या एकदा कुरकुरल्या. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेला, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि कायमचं बीपी जडण्याचा त्याहून जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ सालीच बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत याची नोंद केली आहे. आपल्या फायली मात्र बारशाच्या फोटोंखाली दबलेल्या.

त्यात तुमची पाळी थांबलेली. या सुमाराला वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि बीपी तर गुपचूप चढणारी गोष्ट. डोकं दुखेल, चक्कर येईल अशी वाट बघत बसू नका. मोठ्या पत्रात मुलीची पगाराची रक्कम आहे, यांचं मत आहे, तुमचं गेल्या २३ वर्षांतलं बीपी कुठेच नाही. "ताण झेपत नाहीत" म्हणता, तो मनाचा की रक्तवाहिन्यांचा, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

तर या आठवड्यात फिजिशियनकडे जायचं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नव्हे. आत गेल्या गेल्या एकच वाक्य बोलायचं: "मला गरोदरपणात बीपीचा त्रास होऊन आठव्या महिन्यात सिझेरियन झालं होतं." ते विचारतील म्हणून थांबू नका, बरेचदा विचारत नाहीत. मग बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार गेला आणि गोळी सुरू झाली तर ती घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आणि कधी छातीवर दाब आला, धाप लागली, जबडा किंवा पाठ भरून येऊन घाम, मळमळ सुरू झाली, तर पित्ताचं नाव न घेता तडक इस्पितळ गाठायचं.

नोकरीचं म्हणाल, तर मी तुमच्या यांच्या बाजूने. जाऊ दे तिला. पण जाण्याआधी जन्माची खरी गोष्ट तिला सांगा, कारण आईला हे झालं असेल तर मुलीलाही होण्याचा धोका जास्त असतो. उद्या तिची वेळ आली की डॉक्टरांना पहिल्या भेटीतच हे कळायला हवं.

जुनी फाईल कपाटाच्या अगदी वरच्या खणात असेल. काढायला तिलाच हाक मारा.