छंदाच्या गटात मोकळं राहता येतं का?

ऑफिसात आणि नातेवाइकांत सतत जपून बोलावं लागतं, निदान छंदाच्या गटात तरी आपण आहोत तसे राहू शकतो का, असं तुम्ही विचारलंय. राहू शकतो. पण पहिल्या-दुसऱ्या भेटीतच ते जमेल असं धरून जाऊ नका.

मी आकाशनिरीक्षणाच्या गटात जाते. डोळे अंधाराला नीट सरावायला 20-30 मिनिटं लागतात, म्हणून तिथे मोबाइल खिशात आणि उजेड फक्त मंद लाल दिव्याचा. कोण काय घालून आलंय, कोण कितवा साहेब आहे, काही दिसत नाही. माणसं आवाजावरून ओळखायची. मी मुळात अबोल. गप्प राहिलं तरी कुणी ‘काय गं, काय झालं?’ विचारत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष वर असतं. याचं केवढं हायसं वाटलं मला!

पण मला खरं मोकळं केलं ते रूपविकारी ताऱ्यांनी, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांनी. ययाती या तारकासमूहातला अल्गोल हा तारा दर 2 दिवस 21 तासांनी मंदावतो, नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा अंदाज करायचा आणि वहीत लिहायचा. नियम एकच, शेजारच्याचा आकडा आधी विचारायचा नाही. वर्षानुवर्षं बघणाऱ्याचा आकडा आणि माझा वेगळा आला, तरी माझा कुणी खोडत नाही. दोन्ही नोंदी राहतात, आणि त्या वेगळ्या डोळ्यांच्या आहेत म्हणूनच कामाच्या असतात. हे अंगवळणी पडलं तसं ‘मला नाही पटत’ हे बाकीच्या गप्पांतही सहज तोंडून निघायला लागलं. घरी मी ते अजून चाचरतच म्हणते.

वेळ मात्र द्यावा लागतो. अमेरिकेतले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास सोबत घालवावे लागतात आणि जवळच्या मैत्रीला 200 च्या वर. नोकरीतल्या कामाचे तास यात तेवढे उपयोगी पडत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं शेजारी बसणारा सहकारीही परका वाटू शकतो.

तेव्हा ठरलेल्या दिवशी नेमाने भेटणारा गट निवडा, आणि हाताला काहीतरी काम घ्या. ट्रायपॉड उभा करा, नोंदी लिहा, दोऱ्याची गुंडाळी सोडवा, जो छंद असेल त्यातलं. नवख्याला ‘बोला काहीतरी’पेक्षा ‘हे जरा धरा’ फार सोपं जातं.

नवख्याच्या प्रश्नाला जिथे हसतात, किंवा कुणाचं सामान किती महाग यावरच बोलणं चालतं, तो गट खुशाल सोडा. छंद सोडू नका, त्याच छंदाचे दुसरे लोक शोधा.